ओले धान्य

गाडी विकायची असे आमच्या घरात ठरले तेव्हा तिच्या मीटरवर 81 हजार किलोमीटर होते, आणि हा आकडा खोटा आहे हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते. गिऱ्हाइकाला ते सांगायचे की नाही, यावर पंधरा दिवस वाद झाला. दस्तरखानावर झाला, चहाला झाला, एका मय्यतीहून परतताना रिक्षातही झाला. त्या वादात जे बोलले गेले ते, आणि जे बोलायचे आम्ही टाळले तेही, इथे मांडायचे आहे.

हकीकत थोडक्यात अशी. 2021 च्या ऑक्टोबरात आम्ही पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून डिझेलवरची पांढरी गाडी 4 लाख 60 हजारांना घेतली. साखरेमुळे अम्मींच्या डोळ्यांचा पडदा सुजला होता. दर महिन्याला इंजेक्शनसाठी त्यांना कराडहून पुण्याला न्यावे लागे आणि एस. टी.चा प्रवास त्यांना झेपत नव्हता. गाडीचे मीटर 54 हजार दाखवत होते. व्यापारी आपल्यातला होता. गल्ल्यामागे आयतुल कुर्सीची फ्रेम, दर दोन वाक्यांना इन्शाअल्लाह. त्याआधी आम्ही दोन दुकाने पाहिली होती. तिथे मिस्त्री बरोबर नेला होता, गाडीखाली वाकून पाहिले होते. इथे मिस्त्री नेला नाही. आपल्या माणसाकडे मिस्त्री नेणे म्हणजे त्याच्या ईमानावर शंका घेणे, असे आम्हाला वाटले.

खरे सांगायचे तर आणखीही एक कारण होते. 54 हजार हा आकडा आम्हाला आवडला होता. सहा वर्षांची डिझेल गाडी एवढी कमी कशी चालली, हा प्रश्न मनात येऊन गेला होता. डिझेल गाडी घेणारा माणूस ती अंगणात उभी करायला घेत नाही. पण मनासारखे उत्तर समोर लिहिलेले असताना प्रश्न कोण विचारतो?

2023 च्या फेब्रुवारीत क्लच गेला. गाडी उघडल्यावर आमच्या मिस्त्रीने मान वर न करताच विचारले, "चाचा, ही गाडी कुठे टुरिस्टला होती का?" पेडलची रबरे गुळगुळीत झाली होती, स्टिअरिंगचे आवरण एका बाजूला झिजून चकाकत होते. हे सर्व आम्ही रोज पाहत होतो आणि रोज पाहत नव्हतो. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडीचा नंबर सांगितला, तेव्हा तिथल्या नोंदीत 2020 च्या फेब्रुवारीतली सर्व्हिस सापडली. त्या दिवशीचा आकडा होता 1 लाख 38 हजार. म्हणजे आमच्या हाती येण्याच्या वीस महिने आधीच ती गाडी तेवढी चालली होती. पूर्वी मीटरमागे आकड्यांची चाके असत, ती फिरवायला मीटर खोलावे लागे. नाहीतर केबलच काढून ठेवत. आता आकडा एका छोट्या चिपमध्ये असतो. गाडीला लॅपटॉप जोडला की अर्ध्या तासात हवा तो आकडा बसतो, आणि काचेवर बोटाचा ठसाही राहत नाही.

फसवणूक पैशांची होती, असे पहिल्या दिवशी वाटले. मग मिस्त्रीने टायमिंग बेल्ट काढून दाखवला. हा दातेरी रबरी पट्टा इंजिनातल्या दोन हालचालींचा ताल राखतो. तो चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, इंजिन जागच्या जागी बंद पडते. म्हणून कंपनी ठरावीक किलोमीटरला तो बदलायला सांगते. आमच्या मीटरप्रमाणे ती वेळ यायला अवकाश होता. खऱ्या हिशेबाने ती कधीच टळून गेली होती. पट्ट्याला बारीक बारीक चिरा पडल्या होत्या. त्या पट्ट्यावर आम्ही अम्मींना मागच्या सीटवर निजवून पंधरा-सोळा वेळा खंबाटकीचा घाट चढलो-उतरलो होतो, मागून ट्रक येत असताना. मीटरवरचा आकडा हा निव्वळ किमतीचा आकडा नसतो. कोणती वस्तू कधी थकेल याचे ते वेळापत्रक असते. ते खोटे केले की गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला अंधारात ठेवले जाते. व्यापाऱ्याने एक लाख रुपये जास्त घेतले याचा राग आम्हाला महिनाभरात पचवता आला. चिरा पडलेला तो पट्टा आजही डोळ्यांसमोर येतो.

आम्ही पुण्याला गेलो. व्यापारी चिडला नाही. चहा मागवला आणि म्हणाला, "भाईजान, मीटर की गारंटी कौन देता है? हमने भी ऐसीच ली थी." आम्ही सही केलेला कागद त्याने पुढे ठेवला: वाहन जसे आहे त्या स्थितीत पाहून ताब्यात घेतले. त्याचे म्हणणे खोटेच होते, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कदाचित त्यालाही कुणी ती तशीच विकली असेल. पण तो दिवसाला दहा गाड्या पाहणारा माणूस. आमच्या मिस्त्रीला खाली मान घालून जे कळले, ते त्याला कळले नसेल?

आमचा वकील भाचा म्हणाला, जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. काहीच अवघड नव्हते. आम्ही गेलो नाही. दोन बुजुर्ग मध्ये पडले. आपल्या माणसाला कोर्टकचेरीत ओढायचे, चार लोकांत कौमची शोभा करायची, हे बरे दिसत नाही, असे त्यांनी समजावले. व्यापाऱ्याने तीस हजार परत दिले आणि सांगितले, बात यहीं खत्म. आम्ही ते घेतले. या तीस हजारांकडे पुन्हा यावे लागणार आहे.

आता त्या पंधरा दिवसांच्या वादाबद्दल.

भाईजानचे म्हणणे सरळ होते. मीटर आपण फिरवलेले नाही. कुणी विचारले तर खोटे बोलायचे नाही, पण विचारलेच नाही तर आपण होऊन का सांगावे? गणित असे होते: 81 हजार चाललेली म्हणून गाडी साडेतीन लाखांना सहज जात होती. खरे सांगितले तर एजंट दोन लाख चाळीसच्या वर जायला तयार नव्हते. एक लाख दहा हजारांचा फरक. घरात त्या वर्षी मुलीच्या कॉलेजची आणि हॉस्टेलची फी भरायची होती. भाईजान म्हणाले, "ज्याने फसवले तो मजेत आहे. त्याच्या गुन्ह्याचा दंड आपल्या पोरीने का भरायचा?" या प्रश्नाला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते, आणि आजही संपूर्ण उत्तर नाही. तो दंड अन्यायाचाच आहे.

आमच्या मुलाचे म्हणणे वेगळे आणि जास्त हुशारीचे. त्याच्या मते हा बाजारच असा आहे. घेणारा मनातल्या मनात आकडा दीडपट करूनच भाव पाडतो. आपण खरा आकडा सांगितला तर तो त्यालाही दीडपट करणार. म्हणजे खरे बोलणारा दोनदा मरतो. हे ऐकून आम्हाला अकरलॉफ आठवला. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या गाड्यांच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला आणि पुढे 2001 साली, इतर दोघांबरोबर, त्याला नोबेल मिळाले. त्याचे सांगणे साधारण हेच: वस्तूचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा सगळ्यांनाच खराब मालाचा भाव देऊ लागतो. मग चांगल्या मालाचा धनी बाजारातून उठून जातो आणि मागे खराबच माल उरतो. मुलाचे निदान बरोबर होते. पण रोग काय आहे हे कळल्याने तो पसरवण्याची मुभा मिळते का?

बेल्जियमने या रोगावर नैतिकतेची वाट पाहिली नाही. 2004 साली तिथे कायदा झाला आणि 2006 च्या अखेरीपासून गाडी कुठल्याही गॅरेजात गेली की तिचा आकडा एका ठिकाणी नोंदवला जातो. विकताना त्या नोंदींचा दाखला द्यावाच लागतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारे नियम 2022 च्या डिसेंबरात निघाले आणि 2023 च्या एप्रिलपासून लागू झाले. पण आर. सी. बुकात मालकाचे नाव, चासीचा नंबर, रंगसुद्धा असतो. गाडी किती चालली याला रकाना नाही. उद्या तो रकाना आला तर हा लेख जुना होईल, आणि आम्हाला आनंदच होईल. तोवर तो रकाना विकणाऱ्याच्या तोंडात आहे.

भाच्याने कायद्याचे पुस्तक काढले. 1872 च्या करार कायद्यात, कलम 17 मध्ये, घोड्याचे एक उदाहरण आहे. घोडा रोगी आहे हे मालकाला ठाऊक आहे, लिलावात तो विकतो, घेणाऱ्याला काहीच सांगत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. नुसते गप्प राहणे कपट नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला, की तू नाही म्हटले नाहीस तर घोडा धडधाकट आहे असे मी समजेन, तर मात्र गप्प राहणे हे बोलण्यासारखेच. भाईजान खूश झाले. पोरीला थोडीच विकतोय!

त्या रात्री आम्ही या घोड्याचा विचार करत बसलो. घोडा स्वतःविषयी काही बोलत नाही. तो उभा असतो, बघणाऱ्याने बघावे. मीटर तसे नाही. मीटर बोलते. चावी फिरवली की उजळून सांगते: मी 81 हजार चाललो. गिऱ्हाईक आम्हाला काही विचारणार नाही, कारण मीटरने त्याला आधीच उत्तर दिलेले असेल. खोटे बोलणाऱ्याच्या शेजारी उभे राहून मान डोलवणाऱ्याला आम्ही गप्प बसला होता असे म्हणू का? त्याच्या गप्प राहण्यातून ते खोटे खरे ठरते.

हा बोलका खोटेपणा नवा नाही. हदीसमध्ये उंटिणीचा आणि शेळीमेंढीचा दाखला येतो. बाजाराला नेण्याआधी दोन-तीन दिवस दूध काढायचे नाही, म्हणजे कास तट्ट फुगते आणि जनावर दुधाळ दिसते. विकणारा एक शब्द खोटा बोलत नाही, कास बोलते. अशा सौद्यात घेणाऱ्याला तीन दिवसांची मुभा दिली आहे: ठेवावे, नाहीतर जनावर आणि त्याबरोबर साभर खजूर परत करावे. यावर फकीहांत मोठा वाद झाला. शाफईंनी ही तजवीज तशीच घेतली. हनफींनी विचारले, प्यायलेल्या दुधाची भरपाई नेमकी तेवढ्याच खजुरांनी का? आमचे कोकणातले साडू शाफई असल्याने हा वाद आमच्या घरी ईदला बिर्याणीनंतर पुन्हा होतो, ते सोडा. आमचे लक्ष वेधले ते एका गोष्टीने. तू कास नीट का पाहिली नाहीस, पिळून का पाहिली नाहीस, असे तिथे घेणाऱ्याला विचारलेले नाही. इंग्रजांचा कायदा काही प्रसंगी विचारतो, की साध्या दक्षतेने तुला खरे कळले नसते का? आम्हीही स्वतःला तेच विचारत होतो, आणि मिस्त्री न नेल्याबद्दल स्वतःवर जितके चिडलो तितके व्यापाऱ्यावर चिडलो नाही. फसलेल्याला शरम वाटते आणि ती शरम फसवणाऱ्याच्या कामी येते.

पण भाईजानच्या खऱ्या मुद्द्याला, "आपण फिरवले नाही" याला, यातून उत्तर मिळत नव्हते. कास बांधणारा आणि विकणारा एकच होता. आमचे तसे नव्हते.

उत्तर मिळाले ते सर्वांना लहानपणापासून पाठ असलेल्या एका प्रसंगातून. मकतबमध्ये उस्ताद सांगत, आम्ही ऐकत असू आणि पुढच्या धड्याला जात असू. पैगंबर साहेब (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका राशीत हात घालतात. बोटांना ओल लागते. विक्रेता सांगतो, पाऊस लागला. त्यावर ते विचारतात, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसेल असे? आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे सांगतात. वर्षानुवर्षे आम्ही यातला शेवट तेवढा ऐकला होता. या वेळी पाऊस ऐकू आला. त्या माणसाने धान्यावर पाणी मारले नव्हते. पाऊस त्याचा गुन्हा नव्हता, उलट नुकसान त्याचेच झाले होते. आमच्यासारखाच तो. त्याला कुणी विचारले नाही, की धान्य भिजले कसे? हेही सांगितले नाही, की भिजलेले फेकून दे, विकू नकोस. विचारले एवढेच, ते खाली का आहे?

आमचे आजोबा बागवान, पेरू-डाळिंबाची पाटी घेऊन बसत. डागी फळाची पाटी वेगळी असे, आणि ओरडून विकत, "डागी घ्या, डागी, निम्म्या पैशात!" गरीब घरच्या बाया तीच पाटी आधी रिकामी करत. आजोबांना वली ठरवण्याचा आमचा इरादा नाही. त्यांच्या तराजूबद्दल आम्ही कसम खाणार नाही. पण ओला माल विकण्याचा रस्ता असतो, हे आम्ही लहानपणी रोज बघितले होते.

आणि "आमच्यातला नाही" हे शब्द. व्यापारी आमच्यातला म्हणून आम्ही मिस्त्री नेला नाही. तो आमच्यातला म्हणून आयोगात गेलो नाही. आमच्यातला कोण, हे आम्ही नाव, सलाम आणि भिंतीवरची फ्रेम पाहून ठरवले होते. त्या बाजारात ते राशीत हात घालून ठरवले गेले होते. बुजुर्गांनी कौमच्या अब्रूची काळजी केली ती प्रामाणिकपणे केली असेल. पण आम्ही गप्प राहिल्याने अब्रू नेमकी कुणाची झाकली गेली?

इथे ते तीस हजार येतात. ते कशाचे होते? नुकसानभरपाई म्हणावी तर निम्मीही नव्हती. बात यहीं खत्म, या शब्दांसकट ते आमच्या हातात आले होते. म्हणजे तो गप्प राहण्याचा मोबदला होता, आणि आम्ही तो पुरेपूर फेडला. त्याच वर्षी रमजानच्या सुमारास मोहल्ल्यातल्या एका तरुणाने आम्हाला विचारले, "चाचा, तुम्ही गाडी घेतली तो पुण्याचा माणूस कसा आहे?" आम्ही म्हणालो, "बरा आहे." एवढे दोनच शब्द. त्याने तिथून गाडी आणली, पेढे घेऊन आला. घरातल्या पंधरा दिवसांच्या वादात भाईजान, मुलगा, भाचा सगळे बोलले; हे दोन शब्द मात्र आम्ही कुणापुढे काढले नाहीत. गिऱ्हाइकाला खरे सांगावे असा आग्रह आम्ही धरला, त्यात अल्लाहचे भय किती आणि त्या दोन शब्दांचे ओझे किती, याचा हिशेब आम्हाला लागत नाही.

2024 च्या जानेवारीत पाटण तालुक्यातले बापलेक गाडी बघायला आले. मुलगा एम. आय. डी. सी.त कामाला, वडील शेतकरी. मुलाने मीटर पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच आनंद उमटला, जो 2021 साली आमच्या चेहऱ्यावर उमटला असेल. आम्ही वर्कशॉपच्या नोंदीचा कागद पुढे केला. खरे चालणे 1 लाख 65 हजारांच्या खाली नाही, मधल्या वीस महिन्यांचे आम्हाला माहीत नाही, बेल्ट आणि क्लच नवे आहेत. मुलगा हिरमुसला. वडिलांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "मग हे मीटर नीट करून का घेतलं नाही, गुरुजी?" प्रश्न रास्त होता. मिस्त्रीला आम्ही तो विचारलाही होता. आकडा पुढे न्यायचा तरी तोच लॅपटॉप, तोच माणूस, तेच पैसे. आणि नेमका कोणता आकडा टाकायचा? खरा तर कुणालाच ठाऊक नाही. एका खोट्याच्या जागी आमच्या अंदाजाचे दुसरे बसले असते.

ते गेले. आठ दिवसांनी परत आले आणि गाडी दोन लाख साठ हजारांना घेतली. एजंटच्या भावापेक्षा वीस हजार जास्त. हा आमच्या खरेपणाचा इनाम म्हणावा असे कुणाला वाटेल. वडील म्हणाले, बेल्ट नवा आहे म्हणून देतो. मुलीच्या फीसाठी पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले, त्याचा हप्ता अजून चालू आहे. भाईजान त्या विषयावर अजूनही नीट बोलत नाहीत.

विक्रीच्या कागदावर आम्ही हाताने एक ओळ लिहिली: मीटरवरील आकडा खरा नाही, घेणाऱ्यास सांगितले आहे. दोघांनी सह्या केल्या. त्याची झेरॉक्स कपाटात आहे. तो मुलगा गाडी पुढे कुणाला विकेल तेव्हा ती ओळ गाडीबरोबर जाईल की नाही, हे आमच्या हातात नाही.

मोहल्ल्यातला तो तरुण फज्रनंतर घरासमोर गाडी पुसताना दिसतो. आम्ही मशिदीतून परतत असतो. तो सलाम करतो, आम्ही जबाब देतो. गाडी चांगली निघाली, परवा तो सांगत होता, फक्त 62 हजार झालेत.